मोकळी करंगळी

खालापूर तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथल्या सातवीच्या मुलींची नजर फार बारीक आहे. फळ्यावर काय लिहिलंय ते त्यांना दिसणार नाही, पण बाईंच्या हातावर काय आहे ते शेवटच्या बाकावरूनही दिसतं. नवीन वर्ग आला की थोड्याच दिवसांत कुणीतरी विचारतंच, "बाई, तुमच्या डाव्या करंगळीला नेलपेंट का नाय?"

"राहिलं," एवढंच मी सांगते.

खरं उत्तर द्यायचं तर हिराकाकीबद्दल सांगावं लागेल, आणि ती काही तास संपता संपता सांगून होण्यासारखी बाई नाही.

पळसदरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला आमची आळी. काकीचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. आमच्या घरात माणसं जास्त आणि खोली एकच, त्यात वडिलांना टीव्हीचा आवाज मोठा लागायचा. मी कर्जतच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा आमच्या घरातलं कुणी शाळेच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे अभ्यासाला शांतता लागते ही गोष्टच कुणाच्या डोक्यात नव्हती. काकीला ती कशी कळली कोण जाणे. एक दिवस कुंपणावरून म्हणाली, "सुजे, पुस्तक घेऊन आमच्या पडवीत बस. पर फुकट नाय हां. उजवा हात तुजा, डावा माजा."

असा आमचा करार झाला. उजव्या हातानं मी पानं उलटायची, खाली रेघा मारायच्या. डावा हात काकीच्या मांडीवरच्या उशीवर. लग्नसराईत लोकांच्या नखांवर जे काढायचं त्याचा सराव ती आधी माझ्या नखांवर करायची. पुसायची, पुन्हा काढायची. इतिहासातल्या लढाया मला आजही नेलपेंटच्या वासासकट आठवतात. मी पदवीधर झाले ती त्या पडवीत, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

काकी उंच, हडकुळी. हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. तिच्या स्वतःच्या नखांना कधी रंग लागला नाही. ती बोटाच्या मांसापर्यंत कापलेली असायची. नखांवरचं हे काम सुरू करण्याच्या आधीपासून गावाला ती माहीत होती ती काटे काढण्यासाठी. बोरीचा असो, बाभळीचा असो, पायात काटा मोडला की माणूस लंगडत काकीकडे यायचं. ती पाय मांडीवर घ्यायची, सेफ्टी पिन दिव्यावर धरायची आणि म्हणायची, "त्या फांदीवर कावळा बघ केवढा बसलाय." माणूस वर बघायचं. कावळा नसायचा. काटा काकीच्या हातात असायचा.

तोच हात पुढे नखांवर चालला. विकतच्या फक्त बाटल्या. बाकी सगळं घरातलं. केसांच्या पिनेच्या गोल टोकानं मोठे ठिपके, आटलेल्या रिफिलच्या टोकानं बारीक. आळीतली पोरं रिफिल संपली की फेकायची नाहीत, काकीला आणून द्यायची. खराट्याची हीर तासून तिनं रेघ ओढायची काडी केली होती. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा नखावर ताणून धरायची आणि भांडी घासायच्या स्पंजनं वरून रंग टिपायची, की नखावर माशाचे खवले उठायचे. दुधाच्या रिकाम्या पिशवीवर फुलं काढून वाळवायची आणि ती सोलून नखावर चिकटवायची.

एक नख झालं की ते तोंडाजवळ घेऊन ती हलकेच फुंकर घालायची. थोडं थांबायची, पुन्हा घालायची. त्याशिवाय बोट सोडायची नाही.

"पंखा लाव की काकी," मी म्हणायचे.

"पंख्याला काय माया असते?"

एका गोष्टीची मात्र सवय व्हायला मला वेळ लागला. काम करता करता काकी मधूनच म्हणायची, "हलू नको गं मने." ती माझ्याशी बोलत नसे. ती हाताशी बोलत असे. मनी म्हणजे मनीषा, काकीची थोरली मुलगी. ती पाण्यात गेली होती, आणि सापडली नव्हती. पहिल्यांदा काकीनं त्या नावानं हाक मारली तेव्हा मी हात ओढून घेतला. काकीनं वर पाहिलंसुद्धा नाही. उशीवर हात जिथे होता तिथेच, रिकाम्या जागी, ती काडी धरून बसून राहिली. शेवटी मीच हात परत ठेवला.

आणि दुसरी गोष्ट करंगळीची. काकी जिवंत माणसाच्या डाव्या करंगळीला रंग लावत नसे.

"तेवढंच का सोडतेस?" मी एकदा विचारलं.

"राहू दे तेवढं. काम राहिलेलं असलं की मानूस परत येतं."

ही रीत तिनं कुठून काढली तेही तिनंच सांगितलं, माझ्या अंगठ्यावर भाताची लोंबी काढता काढता. आळीतली एक सून तापानं गेली होती. सवाष्ण गेली म्हणून बायका हिरवी साडी, हिरवा चुडा, गजरा असं सगळं करत होत्या. तिची सासू उठून काकीकडे आली आणि म्हणाली, "हिरे, नखं रंगवायची तिला लई हौस. ती जिती होती तवर मी करू दिली नाय. आता तू कर." काकी गेली.

"भ्यायलीस नाय?" मी विचारलं.

"हात गार होता, त्याचं काय नाय गं. पर हलत नव्हता. जित्या मानसाचा हात कितीबी सांगा, हलतोच. तो नाय हलला. इतकं सुबक काम माज्या हातून पुन्हा झालं नाय." तिनं माझ्या अंगठ्यावर फुंकर घातली. "शेवटाला करंगळी केली आन् तिच्या तोंडाकडं बघितलं. तर वाटलं, हां. आता ही तयार झाली. आता निघाली."

तेव्हापासून गावात सवाष्ण गेली की काकीला बोलावणं यायचं. जाताना ती वेगळी बाटली न्यायची आणि ती घरात परत आणायची नाही. तिकडे सगळी नखं, करंगळीसकट. इकडे जित्यांची करंगळी मोकळी. काही बायका त्यामुळे तिला बिचकून असायच्या. रस्त्यात भेटली की पदराखाली हात घ्यायच्या, कारण काकीची नजर आधी बोटांवरच जायची. पण घरात लग्न निघालं की त्याच बायका दारात हजर. माझी आई हसायची. "भीती वाटते तर जाता कशाला गं?" त्यावर एकजण म्हणाली, "भीती वेगळी, लगीन वेगळं."

कळंबच्या बाजूला एका लग्नाला मी काकीबरोबर गेले होते. लग्न रिसॉर्टवर होतं. नवरी शिकलेली, तोंडानं फटकळ. सगळी बोटं झाली आणि काकी बाटल्यांची झाकणं लावायला लागली.

"अहो, ही राहिली ना," नवरीनं करंगळी नाचवली.

"राहू दे."

"राहू दे काय! फोटोत काय दिसेल? मेंदीवाली पळून गेली असं वाटेल लोकांना."

"मी नखवाली हाय. मी पळाली नाय, बसलीय हितं."

नवरीची आत्या मध्ये पडली. "काय शकुन-अपशकुन लावलाय गं बये? करून टाक की एक नख. का वरचे पैसे पायजेत?"

काकीनं पिशवीतून दुधाच्या पिशवीचा एक तुकडा काढला. त्यावर आधीच वाळवून ठेवलेलं लाल फूल होतं. ते सोलून तिनं करंगळीवर ठेवलं आणि कडा दाबल्या. नवरी खूश झाली. परत येताना टेंपोत मी म्हटलं, "काकी, तुझा नियम मोडला."

"कुटं मोडला? ते रंगवलेलं नाय, चिकटवलेलं हाय. नखानं खरवडलं की निघतं." आणि डोळे मिटून हसली.

त्या नवरीला काही झालं नाही. तिला मुलगा आहे, ती सुखात आहे. पण ती माहेरी आली की काकी काहीतरी निमित्त काढून तिच्या दारावरून जायची आणि तिची करंगळी बघून यायची.

आता मनीचं सांगते. नखांचं हे वेड मुळात मनीनंच घरात आणलं. ती मोबाइलवर बघायची, पण तिचा हात थरथरायचा. मग ती मोबाइल धरायची आणि काकी काढायची. मायलेकी पडवीत बसून एकमेकींना ओरडत असायच्या. "आगं तिनं डावीकडनं घेतलं." "तिचं डावं, माजं उजवं!"

त्यातली मनीची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे पाण्याचं काम. स्टीलच्या वाटीत पाणी घ्यायचं. त्यावर नेलपेंटचा एक थेंब सोडायचा, की तो पसरून गोल होतो. त्याच्या मधोमध दुसऱ्या रंगाचा थेंब, मग पुन्हा पहिल्याचा. कड्यात कडी, कड्यात कडी. पिनेनं ती थोडी ओढायची आणि रंग ओला आहे तोवर बोट बुडवायचं. नक्षी नखाला येऊन बसते, आणि वाटीतल्या रंगात बोटाएवढं भोक राहतं. गुळगुळीत कडांचं. उशीर केला तर दुधावर साय धरावी तसा रंग वाळतो. मग त्यात बोट घातलं की तो सुरकुततो, फाटतो. आणि बोट ज्याचं त्यानं बुडवायचं. "मी धरलं की हलतं," काकी सांगायची. "आपलं आपन बुडव. मी धरनार नाय."

त्या दिवशी मनी मैत्रिणींबरोबर घाटाखालच्या ओढ्यावर फिरायला निघाली होती. मी तेव्हा शाळकरी होते. सकाळी कुंपणापलीकडे त्यांचं चाललेलं मला ऐकू येत होतं. काकीनं तिच्या नखांवर पाण्याचं काम केलं होतं, मोरपंखी आणि पांढरं.

"आये, करंगळी पन कर ना. एकदाच. कशी बोडकी दिसते."

"तुजी तर नायच करनार."

"जगाच्या सगळ्या नेमांना मीच सापडते काय?"

रस्त्यावरून मैत्रिणी हाका मारत होत्या. मनी हट्टाला पेटली होती. शेवटी काकी म्हणाली, "बरं, जा आता. आल्यावर करते."

काकीनं स्वतःचा नियम मोडायला हो म्हटलं ते तेवढ्याच वेळी.

वरच्या डोंगरात पाऊस झाला होता, खाली ऊन होतं. ओढ्याला लोंढा एकदम आला. बाकीच्या मुली दगडावर होत्या, मनी मधे होती. सगळ्यांनी तिला जाताना पाहिलं. ओढा धरणात उतरतो. गावानं धरण शोधलं, खालचा नाला शोधला. मनी मिळाली नाही.

सापडली नाही, म्हणून काकीनं ती गेली असं मानलंच नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. "करंगळी राहिलीय तिची. ती तयार नाय झालेली." रडली नाही, तिच्या कपड्यांची पेटी आवरली नाही. फक्त पाण्याचं काम सोडलं. ती वाटी फळीवर पालथी घातली ती घातलीच. कुणी नवरी त्याच नक्षीसाठी हटून बसली तर काकी म्हणायची, "ते मला येत नाय."

मनीचा विधी करू द्यायलाही ती तयार नव्हती. बाळूकाका, म्हणजे काकीचा नवरा, सुरुवातीला तिच्यासारखेच गप्प होते. पण मनीचा धाकटा भाऊ दीपक लग्नाचा झाला. स्थळं यायची, पोहे खायची आणि कुठूनतरी कानावर आलं की परत फिरायची. घरात एक माणूस मधल्यामधे अडकलंय, अशा घरात मुलगी कोण देणार? दीपक चिडायचा. "आये, तिचं तरी सुटू दे, नायतर माजं तरी. का दोगांनाबी धरून ठेवनारेस?"

काकी म्हणायची, "ज्या दिवशी तिची करंगळी करीन, त्या दिवशी ती गेली असं समजा. त्याच्या आदी नाय."

आणि करंगळी ती करणार कशी होती? म्हणजे कधीच नाही.

याच काळातली एक दुपार मला विसरता येत नाही. मी पडवीत डावा हात वाळत ठेवून बसले होते, समोर परीक्षेच्या नोट्स. धरणावर फिरायला आलेली मुंबईची एक बाई गाडी थांबवून आत आली. कुणीतरी तिला काकीचं नाव सांगितलं होतं. गॉगल डोक्यावर, बोलायला गोड. काकीनं उशी पुढे सरकवली. पण ती बाई बसेना.

"आधी हिचं होऊ द्या," ती म्हणाली. "मी थांबते, घाई नाही."

"माझं झालंय," मी म्हटलं.

"तुझं नाही गं. तिचं." तिनं उंबऱ्याकडे हात केला. "केव्हाची उभी आहे बिचारी."

मी वळून पाहिलं. घराचा उंबरा, त्याच्यापुढे चपला, आत अंधारात चुलीकडची भिंत. तिथे कुणी नव्हतं. उंबऱ्याजवळची जमीन तेवढी ओली होती, पण काकीनं सकाळी सारवलं असेल.

काकीनं मान वळवली नाही. पिन पुसता पुसता म्हणाली, "तिचं एकच राहिलंय. तुमी बसा."

बाई बसली. त्या दिवशी काकीनं तिच्या नखांवर पांढरी फुलं काढली. हात एकदाही चुकला नाही. माझ्याकडून मात्र त्या दुपारी एक ओळसुद्धा वाचून झाली नाही. बाई निघताना पुन्हा उंबऱ्याकडे बघून हसली, लहान बहिणीकडे बघून हसावं तशी. ती गेल्यावर मी घरी पळाले आणि आईला सांगितलं. आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "उद्या पन जा अभ्यासाला. ती एकटी पडंल."

कोण एकटी पडेल, ते मी विचारलं नाही.

माझा निकाल लागला त्या वर्षी दीपकचं एक स्थळ जमण्यासारखं झालं आणि मुलीकडच्यांनी स्पष्ट सांगितलं, आधी बहिणीचं करा. या वेळी काकांनी काकीला विचारलं नाही. गुरुजींना बोलावलं. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचे देठ आणि दर्भ बांधून माणसाची आकृती करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि तिला अग्नी देतात. गुरुजींनी अंगणात तशी आकृती केली. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. काकी पडवीच्या खांबाला टेकून सगळं बघत होती. आकृती पूर्ण झाली तशी ती खाली आली, वाकली आणि तिनं त्या देठांच्या जुडीचा डावा हात उचलून पाहिला.

"हिला बोटं कुटं हायत?" तिनं गुरुजींना विचारलं.

गुरुजी गोंधळले. "बोटं करत नाहीत, वहिनी. नुसती आकृती असते."

"मग ही माजी मनी नाय." तिनं तो हात हळूच खाली ठेवला. "कुनाची हाय ती बघा आन् जाळा."

ती आत गेली. अग्नी तिच्याशिवाय दिला गेला.

पिंडाच्या दिवशी सकाळी सगळे धरणाच्या पायऱ्यांवर जमले. आमच्याकडे बायका पायऱ्यांपर्यंत उतरत नाहीत. आम्ही वरती बांधावर उभ्या होतो. दर्भावर पिंड ठेवला. आमच्या धरणावर कावळ्यांना तोटा नाही, सहलीच्या लोकांनी त्यांना धीट करून ठेवलंय. त्या दिवशी समोरच्या उंबराच्या झाडावर ते ओळीनं बसले होते, पण एकही खाली येईना. ओरडतही नव्हते.

मग कबूल करणं सुरू झालं. दीपक हात जोडून म्हणाला, "मने, माज्या लग्नात तुज्या नावाची साडी ठेवीन." कावळे बसून राहिले. काका म्हणाले, तिच्या नावानं शाळेला घड्याळ देईन. मनीची मावशी म्हणाली, "तुज्या आईला अंतर देनार नाय." काही नाही. ऊन वर आलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात सोय आहे. दीपकचा चेहरा उतरला. दर्भाचा कावळा म्हणजे बहीण नाखूश गेली असं गावानं कायमचं म्हणायचं. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. "सुजाता, आयेला घेऊन ये. तुजं ऐकंल ती."

काकी पडवीत होती. समोर उशी मांडलेली, पण हातात काही नाही.

"काय काय कबूल केलं?" तिनं विचारलं. कावळा शिवला नाही हे मी सांगायच्या आधीच.

मी साडीचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं.

"घड्याळ!" काकी हसली. "मनीला घड्याळ. एक दिवस वेळेवर उठली नाय ती." मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि ती उंबऱ्याकडे बघत बसली. मी तिकडे बघायचं टाळलं.

"मी काय म्हनले होते तिला? आल्यावर करते." काकीचा आवाज अगदी साधा होता, काटा काढताना असायचा तसा. "ती आली गं सुजे. कवाच आली. मीच केली नाय."

मी तिच्या शेजारी टेकले.

"केली असती तर गेली असती ना. म्हनून उभी ठेवली. एवढी वर्सं उभी हाय पोर. बस म्हनलं तरी बसत नाय. दुसऱ्यांची होतात ती बघत राहते."

ती उठली. फळीवरची वाटी उचलली, पदरानं पुसली. मोरपंखी बाटली मनीच्या पेटीतून काढली. रंग घट्ट झाला असेल असं मला वाटलं, पण काकीनं ती हलवली तर तो आत सहज खेळत होता.

धरणावर आम्हाला येताना बघून लोक बाजूला झाले. काकी बांधावर थांबली नाही, सरळ पायऱ्या उतरली. कुणी अडवलं नाही.

"आये, हे काय आनलंस?" दीपक म्हणाला.

"तिचं राहिलेलं."

तिनं वाटीत धरणाचं पाणी घेतलं, पिंडाशेजारी पायरीवर ठेवली. मोरपंखी थेंब सोडला, त्यात पांढरा, पुन्हा मोरपंखी. इतक्या वर्षांनी, पण कडी एकात एक बरोबर बसत गेली. पिनेनं एकदाच ओढलं. मग पाण्याकडे बघून, पडवीत बोलायची तशी, म्हणाली, "बुडव. आपलं आपन. मी धरनार नाय."

आणि आमच्याकडे वळून, "चला, वर चला सगळे. पाठ करा. ती लाजंल."

गुरुजींसकट सगळे वर आले आणि धरणाकडे पाठ करून उभे राहिले. वारा पडला होता. मागे पाण्याचा एक लहानसा आवाज झाला, मासा उसळतो तसा किंवा त्याहूनही हलका. माझ्या शेजारी काकी डोळे मिटून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. मग पंख फडफडले, एकदम पुष्कळ.

"शिवला," काका म्हणाले, आणि खाली बसून रडायला लागले.

आम्ही उतरलो. पिंड फुटला होता, कावळे तुटून पडले होते. वाटी जागच्या जागी होती. रंग उन्हानं वाळून त्याची साय झाली होती. मोरपंखी, पांढरी, सगळी कडी शाबूत. कडेच्या बाजूला तेवढं एक भोक होतं, करंगळीच्या नखाएवढं. त्यातून खालचं पाणी काळं दिसत होतं.

"कावळ्यानं चोच मारली आसंल," दीपक म्हणाला. पण त्याला स्वतःलाच ते पटलेलं दिसत नव्हतं.

काकीनं वाटी डोळ्यांजवळ धरली. "वाळल्यावर मारली तर फाटतो. कड बघ की रं. हा ओला आसताना उचललाय." कावळे आले ते फार नंतर, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. दीपकनं कड पाहिली आणि हात जोडले.

पुढे त्याचं लग्न झालं. मीही नोकरी लागून इकडे आले. काकी अजून नवऱ्या सजवते, त्यांच्या करंगळ्या मोकळ्या सोडते. पण माझा डावा हात तिनं पुन्हा कधी मागितला नाही. उंबऱ्याकडेही ती आता बघत नाही. सणासुदीला गेले की आम्ही चहा पितो, ती माझी करंगळी बघते आणि मान हलवते.

तरी काकी म्हटलं की मला ती पडवीत दिसत नाही, धरणावर दिसते. सगळं आवरून लोक निघाले होते. बांधाच्या वळणावरून मी मागे पाहिलं. काकी शेवटच्या पायरीवर बसली होती, पावलं पाण्यात. वाटी बाजूला. डावा तळहात तिनं वर धरला होता, त्यावर कुणाचातरी हात ठेवलेला असावा तसा. तो हात ती तोंडाजवळ घेऊन गेली आणि हलकेच फुंकर घातली. थोडी थांबली. पुन्हा घातली. वाळलं की नाही ते वाकून पाहिलं.

मग एकेक बोट उघडत तिनं तो हात सोडला.